वारेवरचा हक्क

"ताई, आईने बोलावलंय."

तुळसाच्या हातातली पेजेची वाटी तोंडाशी जाता जाता थांबली. लांज्याच्या त्या भाड्याच्या खोलीच्या दारात तिचा धाकटा भाऊ उभा होता... गौरव, आणि तोही चार वर्षांनी! ज्याला कडेवर घेऊन तिने भाट्याची अख्खी पुळण पालथी घातली, जो पहिल्यांदा बोटीवर निघाला तेव्हा ज्याच्या बॅगेत तिने कोकमाची पुडी लपवून ठेवली, तो तिचा भाऊ परक्या माणसासारखा उंबऱ्याबाहेर उभा होता आणि तिच्याकडे बघायचं सोडून कोपऱ्यातल्या स्टोव्हकडे बघत होता.

"आधी आत ये. उंबऱ्यावरून निरोप पोस्टमन देतो," ती म्हणाली. आवाज कापला होता, तो तिने खाकरून झाकला.

गौरव आत आला, पण बसला नाही. "योगिनीला दवाखान्यात ठेवलंय. आठवा सरलाय. पण बीपी परत तसंच वर चढलंय, अंगावर सूज आहे, मूल पण बारीक आहे म्हणतात. दुपारी ऑपरेशन करून बाहेर काढणार."

पुन्हा तेच? त्या पोरीच्या नशिबी पुन्हा तेच? पण तुळसाच्या ओठांवर आलं ते भलतंच. "मग मी काय डॉक्टरीण आहे?"

"नाही. डॉक्टरीण वार मागतेय." गौरव कसाबसा म्हणाला. "म्हणजे तिचे थोडे तुकडे. मुंबईला तपासायला पाठवणार. योगिनी हो म्हणते, मी पण म्हटलं. पण आई हटून बसलीय. म्हणते, वारेवर हक्क आत्याचा. ती हो म्हणाली तर न्या, नाही तर सुरी लावू देणार नाही."

बाळामागून बाहेर येते ती वार. बाईच्या पोटात बाळाला पोसायची, त्याला रक्त पुरवायचं आणि बाळ जगात आलं की आपण सरायचं, एवढंच तिचं आयुष्य. कुणी ती टाकून देतं, कुणी कुठेही पुरतं. पण भाट्याच्या मयेकरांकडे तिचा फार मान. बाळाच्या आत्याने ती आपल्या हातांनी परड्यातल्या माडाच्या मुळात पुरायची, आणि जिने वार पुरली तिनेच बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं. तुळसाला मूलबाळ नव्हतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा काविळीने गेला आणि ती माहेरी परतली, तेव्हापासून आयुष्यात तिने एकच गोष्ट मागितली होती... गौरवच्या पोराच्या कानात नाव आपण सांगायचं. तेवढ्यासाठी ती जगत होती म्हटलं तरी खोटं नव्हे.

"आई स्वतः म्हणाली, तुळसाला बोलवा?"

"हो. पण..." गौरवने मान खाली घातली. "तुझ्याशी बोलणार नाही म्हणाली."

तुळसाला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. हीच आपली आई! बोलावणार, पण बोलणार नाही. चार वर्षांत ना भाऊबीजेला आठवण, ना गौरीला, आणि आता झाली ती वारेपुरती. स्वाभिमान होता तिलाही, तिने ताडकन नाही म्हणायला हवं होतं. पण त्या इवल्या जिवाने काय कुणाचं घोडं मारलं होतं? तिने पेज तशीच झाकली, खुंटीवरची पिशवी काढली आणि कुलूप लावताना फक्त एवढंच म्हणाली, "गाडी सावकाश हाक. मला रत्नागिरीला पोचायचंय, वर नाही."

पाली मागे पडली, हातखंबा आला. काजूच्या फॅक्टरीत सोलायचं काम करून काळी पडलेली आपली बोटं तुळसा पदरात लपवत होती. तिच्या मनात मात्र ती चार वर्षं मागे गेली होती, दोन हजार तीनच्या पावसाळ्यात.

योगिनी तेव्हा घरात नवीन होती. संगमेश्वरची, जेमतेम बाविशीची, हसली की सगळं घर हसावं अशी. गौरव बोटीवर होता. सातव्या महिन्यात तिच्या पायांवर सूज चढली, तेव्हाच्या डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून सांगितलं, आणि मथुराने, म्हणजे तुळसाच्या आईने, घरातली सगळी सुकी मासळी डब्यात भरून माळ्यावर टाकली. पण डोहाळे का कुणाचं ऐकतात! खाऱ्या बांगड्याच्या नुसत्या आठवणीने त्या पोरीच्या तोंडाला पाणी सुटायचं. आणि मग ते घडलं... मूल पोटातच गेलं. दुःखाने बधिर झालेल्या त्या घरात शेजारणी बसलेल्या असताना परड्यात कोंबड्यांनी केळीच्या बुंध्यात उकरलं आणि भाजलेल्या बांगड्याचे काटे वर आले.

"हे कोणी चारलं हिला?" मथुरा तेव्हा अशी ओरडली होती की माणसं जागच्या जागी थिजली. "माझं नातवंड कोणी मारलं?"

तुळसाने योगिनीकडे पाहिलं. त्या पोरीच्या ओठांचा रंग उडाला होता. एका नजरेत सगळं कळलं तिला. चोरून माळ्यावर चढलेली, चुलीत बांगडा भाजून खाल्लेली, काटे मातीत लपवलेली ती अजाण पोर... आता आई हिला माहेरी धाडणार, गौरव हजारो कोसांवर, मूल गेलेलं, आणि वर हा कलंक. ही जगेल कशी? मला काय, माझं जायचं ते आधीच गेलंय. तुळसाच्या तोंडून शब्द निघून गेले, "मी दिला आई. तिला खावासा वाटला, मी भाजून दिला."

मथुराने दाराकडे बोट केलं. पुन्हा या घराचा उंबरा चढायचा नाही. योगिनी काहीतरी बोलायला गेली, पण तुळसाने डोळ्यांनीच तिला गप्प केलं. त्यानंतर ते गुपित दोघींच्या पोटात राहिलं, आणि तुळसाला तर पोटातल्या पोटात खरंच वाटायला लागलं होतं की आपण माळ्यावर नीट लक्ष ठेवलं असतं तर... तर ते मूल आज चार वर्षांचं असतं.

दवाखान्यात खाटेशेजारच्या स्टुलावर मथुरा ताठ बसली होती. लेक आत आलेली तिने पाहिली, आणि पाहिलीच नाही अशी मान वळवली.

"गौरव, तिला विचार, काही खाऊन आलीय का?"

तुळसा खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. "गौरव, सांग तिला, पेज झाली."

"गौरव, तिला म्हणावं अंगात काही राहिलेलं नाय. हाडं दिसतायत नुसती."

"गौरव, म्हणावं आईचे पाय पण सुजलेत, आधी ते वर घेऊन बस."

बिचारा गौरव एकदा इकडे, एकदा तिकडे मान फिरवून दमला. खाटेवर पडलेली योगिनी मात्र तुळसाचा काळवंडलेला हात घट्ट धरून होती आणि तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर ओघळत होतं.

तेवढ्यात डॉक्टर रुबिना मुकादम आल्या. राजिवड्याची मुलगी, मुंबईत शिकून गावात परत आलेली, बोलणं घरच्यासारखं. "ह्याच का आत्या? या. तुमच्यासाठी सगळं अडून राहिलंय. ह्या मावशी म्हणतात, आत्या म्हणेल ती पूर्व दिशा."

"वार कशाला हवी तुम्हाला?" तुळसाने विचारलं. "त्यात काय बघणार?"

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसल्या. "तुमच्याकडे हापूस आहे? एकाच झाडाची दोन कलमं, एक कातळावर लावलं, एक मळ्यातल्या मातीत. जात तीच ना? पण वाढ सारखी होते?"

"कशी होईल?" मथुरा न राहवून म्हणाली. "कातळावरचं झाड बुटकं राहतं. पाणी जपून जपून वापरतं."

"तसंच वारेचं. बाळ आणि वार एकाच बीजाची. ते बीज बदलत नाही. पण वारेला रक्त कमी पडायला लागलं की ती वागणं बदलते. कुठलं काम चालू ठेवायचं, कुठलं बंद करायचं, हे ठरवणाऱ्या बारीक खुणा तिच्या पेशींत उमटतात. माझ्या मुंबईच्या बाई त्या खुणा शोधतायत. खुणेमुळे आजार की आजारामुळे खूण, ते अजून त्यांनाही ठाऊक नाही. म्हणून तर अशा बाळंतिणींच्या वारा हव्यात. उद्या कधी आधीच कळलं, तर एखादीचं मूल वाचेल."

तुळसाने पदर सारखा केला. चार वर्षं उरात सलणारा प्रश्न तिला आज विचारायचाच होता.

"बाई... खारा बांगडा खाल्ला तर त्याची खूण राहते का वारेत?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मथुराची नजर भिंतीवर होती. "खाऱ्या मासळीने हा आजार होत नाही," त्या म्हणाल्या. "आधी आमच्यातले डॉक्टर पण मीठ तोडा म्हणायचे, अजूनही म्हणतात काही. पण दुखणं सुरू होतं ते वार रुजतानाच, पहिल्या काही महिन्यांत. बाईला पत्ताही नसतो तेव्हा. सातव्या-आठव्यात बीपी दिसतं, एवढंच. कुणी काय खाल्लं, कुणी काय चारलं, त्याने पोर गेलं असं कोणी म्हणत असेल तर ते खोटं आहे."

आणि योगिनीचा बांध फुटला...

"आई, तो बांगडा वन्संनी नव्हता दिला हो! मीच चढले माळ्यावर. मीच भाजला, मीच काटे पुरले. वन्संना ठाऊकसुद्धा नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं आणि मी... मी चार वर्षं तोंड शिवून बसले. त्यांना घराबाहेर काढलंत तेव्हाही बसले. रोज सांगेन म्हणायचे आणि रोज भ्यायचे..."

"बास, बास. बीपी वाढवून घ्यायचंय का?" डॉक्टरांनी तिला खांद्याला धरून आडवं केलं. "रडायचं ते मूल बाहेर आल्यावर. चला गौरव, हिला आत न्यायची तयारी करू."

तुळसाने योगिनीच्या कपाळावरून हात फिरवला. "वेडी गो, वेडी. आता त्याचं काय? जा, पोराला घेऊन ये."

ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं. बाहेरच्या बाकावर मायलेकी बसल्या. मधे एक माणूस बसेल एवढी जागा. गौरव अस्वस्थपणे येरझाऱ्या घालत दूर गेला, आणि आता निरोप पोचवायला कोणी उरलं नाही. मथुरा बराच वेळ हातातल्या रुमालाची घडी घालत आणि मोडत राहिली.

"का नाय सांगितलंस गो तेव्हा?"

चार वर्षांत आईने तिला थेट विचारलेला तो पहिला प्रश्न होता. तुळसाला वाटलं, रडावं, भांडावं, सगळा हिशोब मांडावा. पण खोटं बोलायला आता तिला जमेना.

"तू ऐकलं असतंस?"

मथुराने विचार केला. बाई हट्टी, पण खोटारडी नव्हे. "नसतं ऐकलं," ती म्हणाली. "तिला धाडली असती माहेरी. आणि गौरवचा संसार तिथेच मोडला असता."

"मग?"

मथुराने पिशवीतून केळं काढलं, सोललं आणि लेकीपुढे धरलं. क्षमा मागायला तिला अजून शब्द सापडत नव्हते, पण लेक उपाशी राहिलेली बघवत नव्हती. तुळसाने निमूटपणे खाल्लं.

आणि मग आतून आवाज आला. मांजराच्या पिलासारखा बारीक, पण असा खणखणीत भांडखोर की जाणारी येणारी माणसं थांबून हसली. मुलगी! वजन कमी होतं, अंगावर मांस नव्हतं, पण पोर हातपाय झाडत होती. योगिनी शुद्धीवर होती, सुखरूप होती. गौरवने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "काय रे, बोटीवर वादळात रडत नाहीस ना असा?" तुळसा म्हणाली, आणि तीही रडतच होती.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी तुळसाला बोलावलं. स्टीलच्या भांड्यात वार होती. हिरमुसलेली, लहान, जागोजागी फिकट पडलेली. मथुरा मागे उभी राहून पुटपुटली, "कापू नको म्हण. वार कापली तर पोरीच्या आयुष्याला धक्का बसेल. माझी सासू सांगायची."

तुळसा त्या भांड्याकडे पाहत राहिली. ह्या एवढ्याशा गोळ्याने, स्वतःला रक्त पुरत नसताना, आपल्याला तोडून तोडून त्या पोरीला आजपर्यंत जगवलं होतं! तिचं अंतःकरण कृतज्ञतेने भरून आलं. तिने भांड्याला हात लावून नमस्कार केला.

"आई, हिने हालात राहून आपल्या पोरीला तारली. आता आणखी चार पोरींना तारायला निघालीय, तर आपण का आडवं यायचं? हिच्या आशीर्वादाने आपली पोर वाढेलच. घ्या बाई, तुम्हाला हवं तेवढं घ्या. राहिलेली मला द्या, मी नेते घरी."

डॉक्टरांनी मथुराकडे पाहिलं. मथुराने हात झटकला. "माझ्याकडे काय बघतेस? आत्या म्हणाली ना?"

त्याच संध्याकाळी तुळसाने चार वर्षांनी घराचा उंबरा चढला. परड्यातल्या माडाच्या मुळात तिने आपल्या हातांनी खड्डा खणला, वार ठेवली, वर हळदकुंकू आणि तांदूळ वाहिले आणि माती लोटली. लांज्याच्या खोलीचं कुलूप गौरव पुढच्या आठवड्यात जाऊन काढून आला. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

पोर बारीक म्हणून तिला बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत ऊब देऊन ठेवलं होतं. बारसं लांबलं. ती घरी आली, बाळसं धरलं, गाल वर आले, तेव्हा कुठे मुहूर्त काढला. आणि त्या सकाळी घर कसं नुसतं फुलून आलं! पाळण्याला अबोलीचे गजरे, घुगऱ्यांचं पातेलं, सुंठवड्याचा वास, पोरांचा दंगा आणि बायकांची गर्दी. योगिनी हिरव्या साडीत बसली होती आणि उगाचच हसत होती.

तुळसा मात्र सकाळपासून स्वयंपाकघरातून हलली नव्हती. वार पुरली ती परड्यात, कोणी बघायला नव्हतं. पण बारसं चार बायकांत! आपण विधवा... आलेल्या बायकांतली कुजबूज तिच्या कानांवर आली होती. नाव कोण सांगणार? हिनेच? शुभकार्यात? तिला वाटलं, मिळालं तेवढं खूप आहे. पोर डोळ्यांसमोर आहे, घर मिळालं, आणखी हाव कशाला? तिने डोळे पुसले आणि नारळ खवायला घेतला. आयुष्यभर जपलेली ती एकच इच्छा ती त्या विळीवर बसून पुन्हा एकदा सोडून देत होती.

"तुळसा कुठाय?" माजघरातून मथुराचा आवाज आला.

"मथुराकाकी, असू दे की," शेजारची कोणीशी हळूच म्हणाली. "चुलतघरातली धाकटी आहे, तीपण आत्याच लागते. सवाशीण आहे..."

"सख्खी आत्या ती एकच," मथुराने ठणकावलं. "दुसरी आता ह्या वयात मी कुठून जन्माला घालू? वार तिने पुरली, नाव तीच सांगणार. कोणाला चालत नसेल तर घुगऱ्या घेऊन जा, पुडी बांधून देते."

सगळ्या बायका हसल्या. जी बोलली तीही हसली. मथुरा स्वयंपाकघरात आली, तिने लेकीच्या हातातली नारळाची कवड काढून घेतली आणि तिला दंडाला धरून पाळण्याशी आणून उभी केली.

तुळसा पाळण्यावर वाकली. ती इवली पोर टक्क डोळ्यांनी तिच्याकडे बघत होती. तुळसाला नीट दिसेना, सगळं पाण्यातून दिसत होतं. नाव सांगताना बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. पण हात कोणाचेच उठेनात. दुःखाने वाकलेली, घरातून काढलेली, परत आलेली ही बाई... हिच्या पाठीत पहिला धपाटा घालायचा कोणी?

मथुराने घातला. असा सणसणीत, की तुळसा पाळण्यावरच कोलमडली असती.

"सांग गो नाव! पोर ताटकळलीय."

मग काय विचारता... सगळ्याजणी तुटून पडल्या. धपाधप धपाटे, हसणं, "कुर्र्रर्र"चा एकच कल्ला. योगिनीने तर पोट सांभाळत दोन धपाटे घालून घेतले. आणि त्या कल्लोळात, कोणाला ऐकू जाणार नाही अशा वेळी, मथुरा धपाटा घालायच्या निमित्ताने लेकीवर ओणवली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली,

"माझं चुकलं गो बाये. माझं फार चुकलं."

तुळसा तशीच वाकलेली राहिली. तिचे ओठ बाळाच्या कानाशी टेकले होते. खाली पोरीचा ऊनऊन श्वास तिच्या गालाला लागत होता, वर आईचा श्वास कानाला. इतकी वर्षं जपून ठेवलेलं नाव ती साफ विसरून गेली होती.

"अगो नाव काय ठेवलंस?" बायका ओरडत होत्या. "सांग की! आत्या नाव विसरली वाटतं!"

"विसरली," तुळसा हसत, रडत म्हणाली. "खरंच विसरले गो... आई, थांब, मारू नकोस. आठवलं, आठवलं."

आणि तिने पोरीच्या कानात सांगितलं, मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "केतकी. आमची केतकी."